निकालाचा आकडा आणि वर्गातील मुले
परभणी जिल्ह्यातील उच्च प्राथमिक शाळांचा विचार

गावच्या शाळेची प्रगती मोजावयाची झाली की प्रथम निकालाच्या टक्केवारीकडे लक्ष जाते. एका शाळेची टक्केवारी अधिक आणि शेजारच्या गावची कमी, एवढ्यावरून पहिलीचे कौतुक व दुसरीची हजेरी घेतली जाते. परंतु शाळेत कोणती मुले येतात आणि वर्षातील किती महिने येतात, हे पाहिल्याखेरीज त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात तर तो हमखास चुकीचा लागतो.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. तोपर्यंत वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून होत असे व खेड्यातील मराठी मुलास ते दुर्लभच होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळा गावोगाव पोहोचू लागल्या. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्यानंतर परभणीत नऊ तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती व तीपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. राज्याची साक्षरता त्या वेळी ८२ टक्क्यांवर होती. परभणीची त्याहून बरीच कमी होती. म्हणजेच येथील शाळांत घरातील पहिलीच शिकणारी पिढी मोठ्या संख्येने आहे. काही मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून भिन्न आहे, तर काही मुले उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकतात.

सहावी ते आठवी : अवघड टप्पा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार सहावी ते आठवी हे वर्ग उच्च प्राथमिक होत. या टप्प्यात मूल वाचावयास शिकत नाही, तर वाचून शिकते. पाचवीपर्यंत वाचन कच्चे राहिले तर विज्ञान, इतिहास आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे हे सारेच विषय अवघड जातात.

अंतराचा प्रश्नही याच टप्प्यात उभा राहतो. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, परंतु उच्च प्राथमिक शाळेसाठी ही मर्यादा तीन किलोमीटर आहे. गावात पाचवीपर्यंतच वर्ग असतील तर मुलीला पुढे परगावी पाठवावयाचे की नाही, हा निर्णय घरी घेतला जातो. ग्रामीण मुलींसाठी एस. टी. प्रवासाची मोफत सवलत आहे; मात्र ज्या वाडीस बसच जात नाही, तेथे त्या सवलतीचा उपयोग नाही.

पटावरील आणि वर्गातील

शिक्षकांची पदे ठरविण्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या आधारभूत धरली जाते. ऊसतोडणीचा हंगाम त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर आदी तालुक्यांतून कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सप्टेंबरात पटावर मोजलेले मूल दुसऱ्या सत्रात बहुधा फडावर असते. धाकट्या भावंडास सांभाळणारी मुलगी असेल तर ते हटकून घडते.

याचा निकालावर काय परिणाम होतो, ते एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, पहिल्या शाळेत सहावीच्या पटावर ४० मुले आहेत. त्यांपैकी ३० वर्षभर गावात राहतात व १० स्थलांतर करतात. गावात राहिलेल्यांपैकी २४ आणि स्थलांतरितांपैकी २ मुले अपेक्षित पातळी गाठतात. एकूण ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के. दुसऱ्या शाळेत २८ मुले असून सर्व गावातच राहतात. त्यांपैकी २० पातळी गाठतात, म्हणजे सुमारे ७१ टक्के. वरवर पाहता दुसरी शाळा सरस ठरते. परंतु वर्षभर राहणाऱ्या मुलांचीच तुलना केली तर पहिल्या शाळेचे प्रमाण ८० टक्के भरते. दोहोंवरील उपायही निराळे आहेत. पहिल्या शाळेस हंगामी वसतिगृह आणि परतलेल्या मुलांसाठी विशेष वर्ग हवेत. दुसरीस अध्यापनात सुधारणा हवी. केवळ टक्केवारी पाहणारा अधिकारी नेमका उलटा उपाय सुचवील.

आकडे कसे वाचावेत

सहावी व सातवीत मुलास त्याच वर्गात मागे ठेवले जात नाही. यास्तव या इयत्तांतील उत्तीर्णांच्या प्रमाणावरून मुलांना किती आले हे कळत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल उपयुक्त आहे. पण त्यास किती मुले बसविली तेही पाहावे. निवडक पाच मुले बसवून मिळालेले यश संपूर्ण वर्गाचे नव्हे. लहान वर्गात टक्केवारी फसवी असते : वीस मुलांत एका मुलाच्या यशापयशाने निकाल पाच टक्क्यांनी हलतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने चार गोष्टी पडताळाव्यात. पाचवीत दाखल झालेल्यांपैकी आठवीपर्यंत किती पोहोचले. त्यांत मुली किती. नोव्हेंबर ते मार्च या काळातील मासिक उपस्थिती किती. आणि अनुसूचित जाती, जमाती व भटक्या विमुक्तांच्या मुलांची प्रगती इतरांच्या बरोबरीने आहे काय. यासाठी नवे सर्वेक्षण नको. दाखलखारीज नोंदवही व हजेरीपट शाळेत आहेतच. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कोणते कुटुंब केव्हा गाव सोडणार, हे त्यांना कार्यालयाच्या आधी ठाऊक असते.

ही माहिती दसऱ्यापूर्वी मांडली गेली तर वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर जातो आणि आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची व्यवस्था होते. तीच एप्रिलमध्ये मांडली तर तो केवळ गळतीचा हिशेब ठरतो. निकालपत्रकावर मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडण्याआधी ती कोठे गेली, हे विचारणे ही शिक्षक, पंचायत आणि प्रशासन या तिघांचीही जबाबदारी होय.