चौकोनांचा तारपा

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंती दिसतात. त्यांवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसं फेर धरून नाचत असतात. मध्ये तारपा वाजवणारा! हे वारली चित्र आज गणिताच्या वहीत उतरवू या.

अट एकच. रेघ ओढायची नाही, नुसते चौकोन भरायचे. दहा बाय दहा चौकोन घेतलेत, तर नाचाचं नुसतं कडं होईल. शंभर बाय शंभर घ्या, मग हात, पाय, डोकी दिसू लागतील. कॉम्प्युटरही फोटो असाच साठवतो, बरं का! त्यातला एकेक चौकोन म्हणजे पिक्सेल. अमेरिकेत १९५७ साली रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो असा कॉम्प्युटरमध्ये उतरवला. त्यात फक्त १७६ बाय १७६ पिक्सेल होते.

फोटोचे हे चौकोन पाडतो स्कॅनर. एका इंचात किती पाडायचे, तो आकडा म्हणजे डीपीआय.

आता घरातली जुनी पेटी उघडा. आजीच्या फोटोची निगेटिव्ह सापडली? उजेडाकडे धरा. काळे केस पांढरे, पांढरं आभाळ काळं! रंगीत निगेटिव्ह तर गेरूच्या भिंतीसारखी तांबूस दिसते. हे सगळं सुलटं करण्याचं कामही स्कॅन करताना होतं.

पण थांबा, आधी हिशेब! नेहमीच्या ३५ मि.मी. फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मि.मी., म्हणजे सुमारे दीड इंच बाय एक इंच. ३०० डीपीआयने स्कॅन केली, तर मिळतील जेमतेम ४२५ बाय २८३ पिक्सेल. २४०० डीपीआयने सुमारे ३४०० बाय २२७०, म्हणजे ७७ लाख! हातात धरून बघायच्या फोटोला इंचामागे साधारण ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे पहिला फोटो दीड इंचाचाच छापता येईल, दुसरा अकरा इंचांचा.

‘आत्ता लहान करू, मग वाढवू,’ असं कोणी म्हणेल. तसं होत नाही. वाढवताना कॉम्प्युटर मधले चौकोन अंदाजाने भरतो. आजीच्या नथीतला मोती स्कॅनमध्ये आलाच नसेल, तर तो मागून येणार कुठून?

आणखी एक. फाइल ‘जेपेग’ केली की जागा कमी लागते, पण थोडा तपशील गळतो. म्हणून मूळ प्रत ‘टिफ’मध्ये ठेवा आणि पाठवायला जेपेग वापरा.

जव्हारचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते आणि चित्रच खाते. तेव्हा मोठ्यांना विचारून, कडांना धरून निगेटिव्ह बाहेर काढा, मऊ ब्रशने धूळ झटका, स्कॅन करून घ्या. मग कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. स्कॅन झालं म्हणून फेकू नका हं! उद्या आणखी चांगला स्कॅनर आला, तर पुन्हा तिच्याकडेच जावं लागेल.

आणि फोटोत आजीशेजारी कोण उभं आहे, ते आजच तिला विचारून लिहून ठेवा. ते कुठलाच स्कॅनर सांगत नाही!