सिस्टर, तुम्ही जेवलात का?

दरवर्षी १२ मेच्या आसपासच्या रविवारी आपल्या बऱ्याच मंडळ्यांत परिचारिका भगिनींना पुढे बोलावले जाते. पाळकसाहेब प्रार्थना करतात, संडे स्कूलची मुले गुलाबाचे फूल देतात, टाळ्या होतात. प्रथा चांगली आहे, ती चालू राहावी. मात्र टाळ्या थांबल्यावर त्यांतल्या काहीजणी लगेच दुपारच्या ड्युटीला धावतात आणि त्यांची झोप, जेवण, मन कसे आहे हे विचारायचे राहून जाते. या अंकात त्याविषयी लिहीत आहे, कारण पाड्यांवरच्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

संबंध असा. आरे वसाहतीतला केलटीपाडा असो की राष्ट्रीय उद्यानातला तुमणीपाडा, इथली वारली किंवा मल्हार कोळी बाई पहिल्यांदा मोठ्या इस्पितळात जाते तेव्हा केसपेपरच्या खिडकीपाशीच तिचे पाय जड होतात. डॉक्टर तिला दोन मिनिटे भेटतात. बाकी सगळा वेळ समोर असते ती सिस्टर. सिस्टर "बस गं, घाबरू नको" म्हणाली तर ही बाई पुढच्या तपासणीला येते. सिस्टर खेकसली तर येत नाही. मग कार्यकर्त्यांनी कितीही समजावले तरी "तिथं वरडतात" एवढेच उत्तर मिळते. गरोदरपणातल्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, बाळाची लस, टीबीचे औषध, सगळे तिथेच अडते.

ओरडणे बरोबर आहे असे मी म्हणणार नाही. पण ते कुठून येते हे समजून घेतले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'चा खुलासा दिला. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि न निस्तरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या तीन खुणा आहेत. अंगातले त्राण संपणे. कामापासून मन तुटणे किंवा कडवटपणा येणे. आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. यातली दुसरी खूण आपल्याला उद्धटपणा वाटते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाळाच्या मृत्यूने रात्रभर रडलेली मुलगी काही वर्षांनी पेशंटला "बेड नंबर बारा" म्हणू लागते. तिचे काळीज दगडाचे झाले असे नाही. रोज रडून ड्युटी करता येत नाही, म्हणून मन थोडे लांब सरकते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात तीन रुग्णांमागे आणि इतर इस्पितळांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. एखाद्या रात्री कुठल्याही सार्वजनिक इस्पितळाच्या जनरल वॉर्डात उभे राहून मोजून पाहा. त्यात मामा किंवा मावशी आली नाही तर तेही काम अंगावर, नातेवाइकांचे बोलणे ऐकायचे, आणि सकाळी हँडओव्हर देऊन घरी पोचले की मुलांचे डबे.

नर्सची काळजी कोण घेते, याचे आपल्या शहरातले सर्वांत मोठे उदाहरण परळच्या केईएम इस्पितळातले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच सफाई कामगाराने अरुणा शानबाग या पंचवीस वर्षांच्या नर्सवर हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा कधी उठली नाही. १८ मे २०१५ ला तिचे निधन झाले. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला अंघोळ घातली, भरवले, कूस बदलली. तिला इस्पितळातून हलवण्याचा प्रयत्न महापालिकेने केला तेव्हा त्या विरोधाला उभ्या राहिल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात या परिचारिकांचे मनापासून कौतुक केले. इतकी वर्षे अंथरुणात असलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर नव्हते. ज्याने घरी एक आठवडा आजारी माणसाची सेवा केली आहे त्याला याचा अर्थ कळेल.

हे जमले कारण ओझे एकटीवर नव्हते. एका पाळीने दुसरीला दिले, एका पिढीने दुसरीला. शेवटी शेवटी तिची सेवा करणाऱ्यांत हल्ल्यानंतर जन्मलेल्याही होत्या. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. हा हल्ला कामाच्या जागी झाला होता. २०२४ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हाही अरुणाचे नाव निघालेच.

कामा इस्पितळाच्या अंजली कुलथे यांचे नाव आपल्याला माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना पॅन्ट्रीत हलवले, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोचवले. पुढे गणवेश घालूनच कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती रात्र सांगितली. अशा गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, पण बाळाच्या जन्मापाशी थांबतो. त्यानंतरच्या रात्रीही कुणाला तरी ड्युटी असतेच.

आपले कौतुक असेच अर्ध्यावर थांबते. २२ मार्च २०२० ला आपण बाल्कनीत उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्याच काळात कित्येक नर्सना घरमालकांनी खोली सोडायला सांगितले. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखायला एप्रिलमध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला.

आता आपल्याच मुलींकडे वळते. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा भागातून दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम कोर्स करून मुली मुंबईत येतात. कुणी नर्सिंग होममध्ये लागते, कुणी ब्युरोमार्फत घरच्या पेशंटकडे बारा तासांची ड्युटी करते. मरोळला किंवा मुलुंडला चौघींत एक खोली. पगार आला की निम्म्याहून अधिक गावी जातो. गावाला वाटते पोरगी मुंबईला नर्स आहे, म्हणजे सुखात आहे. त्यामुळे रडायची सोय गावीही नसते आणि मंडळीतही नसते, कारण इथे आपण तिला देवदूत म्हणून मोकळे होतो. देवदूताने "मला आता होत नाही" कसे म्हणायचे?

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण नेहमी शोमरोन्यावर उपदेश ऐकतो. जखमीला पुढे सांभाळले ते उतारशाळेच्या माणसाने. तो त्या गोष्टीतला परिचारक. शोमरोन्याने त्याला नुसते आभार दिले नाहीत. पैसे दिले, जास्त लागले तर परत येताना देईन असेही सांगितले. मला यातले "परत येताना" फार महत्त्वाचे वाटते.

मंडळीत करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. कार्यक्रम ठेवण्याआधी भगिनींचा ड्युटी चार्ट विचारा. नाईट करून आलेलीला सकाळच्या उपासनेत गायला लावू नका. घरापासून दूर राहणाऱ्या मुलींच्या खोलीवर महिन्यातून एकदा डबा घेऊन जा आणि उपदेश न करता बसा. "कशी आहेस?" याला "बरी आहे" हेच उत्तर येते. "जेवलीस का? काल झोप लागली का?" असे विचारले तर खरे उत्तर येते.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, ड्युटीला निघताना रडू येते, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, असे कुणी सांगितले तर "प्रार्थना कमी पडते" म्हणू नका. प्रार्थना तिच्याबरोबर करा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडेही तिच्याबरोबर जा. हे मंडळीत चर्चेचा विषय होऊ देऊ नका. नोकरीवर परिणाम होईल या भीतीनेच बऱ्याचजणी बोलत नाहीत. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. आणि कुणी जगणे नकोसे झाल्याचे बोलली, तर तिला एकटी सोडू नका. फोन तुम्ही लावा, आणि मदत मिळेपर्यंत तिच्याजवळ बसा.