जन्मतःच बुटकी अक्षरं

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला खेटून असलेलं, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमुळे देशभरच्या पोरापोरींनी गजबजलेलं गाव. अशा गावातल्या विद्यार्थ्यांची इन्स्टाग्राम प्रोफाइलं चाळली, की नावाखाली मुंगीएवढ्या रोमन अक्षरांत ‘एमबीबीएस’, बॅचचं साल, असं काहीबाही दिसतं. पण बायोमध्ये अक्षरांचा आकार बदलायची सोयच नाही. मग ही बारीक झाली कशी?

ती बारीक झालेलीच नाहीत, मुळातच बुटकी आहेत! युनिकोड नावाच्या संगणकी तक्त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या ‘क’चा २३२५. रोमन छोट्या ‘ए’चा ९७. आणि ओळीच्या वर तरंगणाऱ्या चिमुकल्या ‘ए’चा? चक्क ७४९१. फोनच्या लेखी हे दोघं वेगळे. अक्षरं ‘बारीक करून देणारी’ संकेतस्थळं फक्त क्रमांकांची अदलाबदल करतात. आपण कॉपी करतो, डकवतो, झालं.

ही अक्षरं नटण्यासाठी आलेलीच नव्हती. त्यांतली बरीचशी ध्वनिशास्त्रज्ञांची. आपण सहज म्हणतो त्या ‘ख’मधला हकार रोमनमध्ये नेमका टिपायचा, तर ‘क’च्या खांद्याशी इवलासा ‘ह’ लागतो. ज्याची गरज पडली, त्यालाच जागा मिळाली. त्यामुळे कुटुंब अर्धवट राहिलं: वर तरंगणारा छोटा ‘क्यू’ थेट २०२१ साली आला! अंकांची कथा आणखी मजेदार. मेडिकलच्या पोरांना रोज लागणाऱ्या बीएमआयचं एकक किग्रॅ/मी². त्यातल्या चिमुकल्या २ चा क्रमांक १७८, ३ चा १७९, पण ४ चा एकदम ८३०८. पहिल्या तिघांना जुन्या संगणकी वर्णसंचात आधीच जागा मिळालेली, बाकीचे मागून आले. काही फॉन्टांत ते एका रांगेत नीट बसत नाहीत, ते यामुळेच.

हौस करावी, पण बायोपुरती. नाव मात्र साध्या अक्षरांतच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. वर तरंगणाऱ्या अक्षरांचं मूळ अक्षर कोणतं, हे युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेलं असतं. शोधयंत्राने मनावर घेतलं तर असं नाव सापडतं. मोठ्या अक्षरांच्या बुटक्या आवृत्त्यांना मात्र अशी नोंदच नाही. शिवाय दृष्टिहीन माणसाचा फोन असा मजकूर अडखळत वाचतो किंवा गाळूनच टाकतो.

आता मराठी वाक्य त्याच संकेतस्थळावर टाकून पाहा. जसंच्या तसं परत येतं. देवनागरीला बुटकी भावंडं नाहीत?

आहेत! २००९ साली युनिकोडमध्ये आली, तीही सामवेदासाठी. सामवेदाच्या पोथ्यांत स्वर दाखवायला अक्षरांच्या डोक्यावर अंक लिहितात: १ उदात्त, २ स्वरित, ३ अनुदात्त. त्यासाठी शून्य ते नऊ असे दहा अंक, आणि सोबत अ, उ, क, न, प, र, वि ही सात चिमुकली अक्षरं. त्यांना एकट्याने उभं राहता येत नाही, खाली कुणीतरी लागतंच. गावाच्या नावातलं ‘मेघे’ असं दिसेल: मे꣡घे꣢. (जुन्या फोनवर कदाचित नुसते चौकोन दिसतील.) बाकी या सात अक्षरांत प्रोफाइलवर नाव लिहायचं, तर ते ‘कनक’ वगैरे असायला हवं, आणि तेही दुसऱ्याच्या डोक्यावर बसून.