परसांतील कोरडा दगडी बांध



बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलें आहे. या भागांत घराचा पाया खणूं लागलें, कीं काळा दगड लवकरच पहारीला लागतो. पुष्कळ गृहस्थ तो दगड गाडी भरून बाहेर टाकवितात, आणि मग परसाला बांध हवा म्हणून विटा व सिमेंट विकत आणतात! आज माझें सांगणें एवढेंच, कीं हाच दगड कोरडा रचला, तर तो परसबागेचा उत्तम आधार होतो.

ही विद्या आपणांस नवी नाहीं. लोणारचें दैत्यसूदन मंदिर किंवा मेहकरची जुनी धर्मशाळा पाहा. हेमाडपंती पद्धतींत घडीव दगड चुन्यावांचून एकमेकांत बसविलेले असतात. परसांतील बांधाला घडीव दगड लागत नाहीं. परंतु तत्त्व तेंच, भार आणि सांधा.

उताराच्या परसांत जोराचा पाऊस माती वाहून नेतो. मातीचा वीतभर थर गेला, तर तो पुन्हा तयार होण्यास पिढ्या लागतात. म्हणून उताराला आडवे, गुडघ्याएवढ्या उंचीचे दोन-तीन बांध घालावे. कोरड्या बांधाच्या फटींतून पाणी झिरपून जातें व माती मागें राहते. सिमेंटच्या भिंतीस पाणी जाण्यास वाट ठेवली नाहीं, तर भिजलेली माती तिला पुढें लोटते. शिवाय काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्या ओढाताणींत ताठ भिंत तडकते, रचलेला बांध मात्र किंचित् हलून पुन्हा बसतो.

रचण्याची रीत अशी. काळी माती काढून मुरुमापर्यंत चर खणावा. २ फूट उंचीच्या बांधाची बूड दीड फूट रुंद असावी. सर्वांत मोठे दगड तळाशीं, लांब बाजू मातीकडे करून बसवावे. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर यावा, म्हणजे सांधेमोड होते. दर फुटास सुमारें २ इंच बांध मागें कलता ठेवावा. डुगडुगणाऱ्या दगडाखालीं कपची ठोकावी, आणि पाठीमागें वीतभर मुरूम व बारीक दगड भरावे.

बांधाच्या सावलींत ओल टिकते. तेथें कढीलिंब लावावा. मोरीचें पाणी सर्वांत खालच्या वाफ्यांत सोडून केळ व अळूं करावें. मोठ्या मुळ्यांचें झाड मात्र बांधास लागून लावूं नये.

दोन गोष्टी सांभाळाव्या. फटींत विंचू राहतात. म्हणून बांध मागील दारापासून दूर असावा, आणि जुना दगड पहारीनें उलटवून पाहिल्यावांचून हात घालूं नये. दुसरें, पडक्या देवळाचा घडीव दगड कितीहि सुरेख दिसला, तरी तो घरीं आणूं नये. त्याची जागा तेथेंच आहे.

एखाद्या पावसाळ्यांत बांधाचा कांहीं भाग ढासळला, तरी खेद नको. दगड तेथेंच पडलेले असतात. मुलांना हाताशीं घ्यावें, व एका सकाळींच तो पुन्हा रचावा.