बेस्ट बिल्ड कुठलं? 'फॉलआउट: न्यू वेगास' खेळण्याआधी

ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली थोडी बडबड गाळली आहे, बाकी जसंच्या तसं.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, सेलमध्ये न्यू वेगास घेतला. तीन दिवस झाले, अजून कॅरेक्टरच बनवतोय. बेस्ट बिल्ड कुठलं ते एकदा सांगून टाक ना."

मी ती नोट ऐकून हसलो, कारण हा मुलगा म्हणजे थर्ड इयरमधला मीच. हॉस्टेल, चार जीबी रॅमचा लॅपटॉप, आणि मी हाच गेम सहा वेळा सुरू करून सहाही वेळा पहिल्या दोन-तीन तासांत सोडून दिलेला. दर वेळी वाटायचं, पॉइंट्स चुकीच्या जागी टाकले, पुन्हा नव्याने सुरू करू. शेवटी रूममेट वैतागला. म्हणाला, "अरे, तू गेम खेळतोयस की कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरतोयस?"

तर आज त्याच प्रश्नाचं उत्तर देऊ, पण जरा लांबून.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यू वेगास हा ऑब्सिडियन या स्टुडिओने सुमारे दीड वर्षात बनवलेला गेम. ऑक्टोबर २०१० मध्ये आला. गेमच्या कथेत २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग संपलंय, आणि आपण २२८१ मध्ये अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात आहोत. आपण एक कुरिअरवाले. पार्सल पोचवताना कोणीतरी डोक्यात गोळी घालतं, पुरून टाकतं, आणि गुडस्प्रिंग्स नावाच्या छोट्या गावातला डॉक्टर आपल्याला वाचवतो. शुद्धीवर आल्यावर तो आपली तपासणी करतो, आणि तीच कॅरेक्टर बनवायची पायरी.

इथे सात गुण असतात: ताकद, निरीक्षण, सहनशक्ती, बोलण्यातली छाप, बुद्धी, चपळाई आणि नशीब. सगळे मिळून ४० पॉइंट्स. त्याशिवाय १३ स्किल्स: बंदुका, कुलूप उघडणं, औषधोपचार, दुरुस्ती, घासाघीस, बोलणं वगैरे. त्यातली तीन आपण 'टॅग' करायची, त्यांना प्रत्येकी १५ पॉइंट्स जास्त मिळतात.

आता इंजिनिअरची सवय, थोडं गणित करू या. सुरुवातीला स्किल किती असतं? २, अधिक संबंधित गुणाच्या दुप्पट, अधिक नशिबाचा अर्धा (अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक). गुण ५ आणि नशीब ५ असेल तर होतात १५. टॅग केलं तर ३०.

गुडस्प्रिंग्समधलं पहिलं मोठं भांडण बघा. पावडर गँगर्स नावाची कैद्यांची टोळी गावावर चालून येणार आहे. तुम्ही गावाला मदत करायची ठरवलीत, तर घासाघीस २५ असेल तर दुकानदार चेट माल द्यायला तयार होतो. औषधोपचार २५ असेल तर डॉक्टर सामान देतो. स्फोटकं २५ असतील तर म्हातारा पीट डायनामाइट काढून देतो. म्हणजे १५ वाल्याला नकार आणि ३० वाल्याला होकार. लढाई तीच, गाव तेच, पण एकाच्या पाठीशी अर्धं गाव आणि दुसरा जवळजवळ एकटा. गेमची काठिण्यपातळी तुम्ही मेनूत जाऊन बदललीच नाही, ती तुमच्या कॅरेक्टरनेच बदलली.

मेनूतला डिफिकल्टीचा पर्याय तसा साधा आहे. तो मुख्यतः तुम्ही किती मार देता आणि किती खाता हे कमीजास्त करतो. त्यापासून वेगळा असतो 'हार्डकोअर मोड'. त्यात तहान, भूक, झोप लागते, गोळ्यांना वजन असतं, आणि सोबती मेला की कायमचा गेला. मला विचाराल तर पहिल्यांदा नॉर्मलवरच खेळा, कारण खरी काठिण्यपातळी नकाशात आणि माणसांमध्ये लपवलेली आहे.

नकाशाचं असं आहे, की गुडस्प्रिंग्समधून उत्तरेला वेगासचा उंच टॉवर दिसतो. वाटतं, अरे, हे काय जवळच आहे! सरळ निघालात, की वाटेत काझाडोर, म्हणजे माणसाएवढ्या विषारी गांधीलमाश्या, किंवा खाणीतले डेथक्लॉ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काही सेकंदांत खेळ खल्लास. बऱ्याच गेम्समध्ये तुमची लेव्हल बघून शत्रू सोपे होतात, इथे बहुतांश ठिकाणी तसं होत नाही. डेथक्लॉच्या कातडीचा चिवटपणा १५ आहे, आणि तो प्रत्येक गोळीच्या नुकसानातून वजा होतो. ५० नुकसान करणारी गोळी ३५ चं काम करते. १० वाली गोळी मात्र किमान २० टक्के या नियमामुळे फक्त २. म्हणजे छोट्या बंदुकीने कितीही गोळ्या झाडा, उपयोग शून्य. गेम तुम्हाला न सांगता सांगतो, की बाबा, दक्षिणेकडून लांबच्या रस्त्याने ये, वाटेत लोकांना भेट.

आणि ही माणसं म्हणजे फॅक्शन्स, गट.

चार मोठे रस्ते आहेत. एनसीआर: लोकशाही, कायदा, पण कर, लाल फीत आणि झेपेल त्यापेक्षा जास्त पसारा. सीझरचं लीजन: शिस्त कडक, पण ती गुलामगिरीवर उभी. मिस्टर हाउस: यंत्रमानवांच्या जोरावर शहर चालवणारा एकटा मालक. आणि चौथा, यस मॅन नावाच्या यंत्रमानवाला घेऊन तुम्ही स्वतः. सगळ्यांचा डोळा हूवर धरणावर, कारण वीज आणि पाणी तिथे आहे.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोड लिहिणाऱ्याला लगेच कळेल. तुमची प्रतिष्ठा एका आकड्यात ठेवलेली नाही. प्रत्येक गटाकडे दोन वेगळे खाते आहेत, एक सुकीर्तीचं, एक दुष्कीर्तीचं. चांगलं काम केलं की पहिलं वाढतं, पण दुसरं कमी होत नाही. एखाद्या गावाची दहा कामं केलीत आणि आधी तिथे दोन माणसं मारली असतील, तर गाव तुम्हाला देव मानत नाही. ते गोंधळतं: माणूस चांगला आहे की वाईट? मोठ्या गटांकडून माफीची एखादी संधी मिळते, पण ती वारंवार नाही.

याचे परिणाम थेट खेळावर होतात. लीजनशी वैर घेतलंत की मारेकऱ्यांच्या टोळ्या रस्त्यात गाठतात. लीजनच्या बाजूने गेलात तर बूनसारखा नेमबाज सोबती साथ सोडतो, आणि एनसीआरने भरलेल्या नकाशात कामं आणि मित्र दोन्ही कमी होतात. एका गटाचा गणवेश घालून दुसऱ्याच्या तळावर गेलात तर ते विचारपूस न करता गोळ्या झाडतात. म्हणजे कुणाची बाजू घेतली, यावर तुमचा गेम सोपा की अवघड हे ठरतं.

आता माझी गोष्ट पूर्ण करतो. सातव्या वेळी मी रूममेटशी पैज लावली: रीस्टार्ट नाही. पण सवय जाईना. मी पॉइंट्स सगळीकडे थोडे थोडे वाटले. कुठलंच दार बंद व्हायला नको होतं ना! पुन्हा गणित बघा. बुद्धी ५ असेल तर प्रत्येक लेव्हलला सरासरी साडेबारा पॉइंट्स. मूळ गेममध्ये ३० लेव्हल्स, म्हणजे वाढण्याच्या २९ संधी, साधारण ३६२ पॉइंट्स. सुरुवातीचे २४० धरून झाले ६०२. ते १३ स्किल्समध्ये सारखे वाटले तर प्रत्येकी ४६. पुस्तकं आणि पर्क्समुळे थोडं वाढतं, पण मुद्दा कळला असेल. तेच पॉइंट्स एकवटले तर चार स्किल्स पूर्ण १०० होतात आणि पाचवंही बरंच वर जातं.

गटांच्या बाबतीतही तसंच. मी सगळ्यांना "हो" म्हणत राहिलो. एक दिवस अशी वेळ आली की एकाला हो म्हणजे दुसऱ्याला नाही. मी दोन दिवस गेमच उघडला नाही. हसू नका, खरंच. शेवटी यस मॅनचा रस्ता धरला. तो रस्ता गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलाय. तुम्ही जवळपास कुणालाही मारू शकता, सगळ्यांशी भांडू शकता, तरी कथा अडकू नये म्हणून. यस मॅनला उडवलं तरी तो दुसऱ्या यंत्रात परत येतो. आमच्या भाषेत, फॉलबॅक.

मग धरणावरची शेवटची लढाई. समोर लीजनचा सेनापती लेनियस. त्याला नुसतं बोलून परत पाठवता येतं, पण स्पीच १०० लागतं. माझं होतं ६२. पर्याय स्क्रीनवर दिसत होता, ६२/१००, आणि उपयोग काही नव्हता. एखाद्या गावच्या भांडणात ६२ पुरेसं असतं. इथे नाही.

वाचलो कशामुळे? त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत माझ्या गोळ्या आणि औषधं शिल्लक राहिली, कारण बूमर्स नावाच्या छोट्या गटासाठी मी तळ्यात बुडालेलं जुनं बॉम्बर विमान वर काढून दिलं होतं. धरणावर त्यांनी येऊन बॉम्ब टाकले. लेनियसशी मात्र एकट्यालाच लढावं लागलं. अकरा वेळा मेलो. बाराव्या वेळी जमलं, तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि रूममेट न झोपता बघत होता.

शेवटी एकेक गावाची, गटाची स्लाइड येते आणि तुमच्यामुळे त्यांचं काय झालं ते सांगतात. काहींचं बरं झालं होतं. काहींचं वाईट, आणि ते माझ्याच निर्णयामुळे. मी लोड करून बदललं नाही. सहा 'परफेक्ट' कॅरेक्टर्सपैकी एकाचंही नाव मला आज आठवत नाही. या ६२ वाल्याचं सगळं आठवतं.

तर मित्रा, तुझं उत्तर. डिफिकल्टी नॉर्मल ठेव. तीन स्किल्स अशी टॅग कर जी वापरायला तुला मजा येईल, आणि त्यात पॉइंट्स भरभरून टाक. गुडस्प्रिंग्सची हद्द ओलांडताना गेम एकदा विचारतो, कॅरेक्टर बदलायचंय का? तिथे हवं ते बदलून घे. त्यानंतर रीस्टार्ट नाही. सेव्ह मात्र वेगवेगळ्या नावाने करत राहा, कारण जुना गेम आहे, क्रॅश होतो. आणि कुणाला तरी "नाही" म्हणावं लागेल, ते लवकर म्हण.

धरणावर पोचलास की व्हॉइस नोट पाठव. तुझं स्पीच किती होतं, आणि कोण मदतीला आलं, एवढंच सांग. बाकी मंडळी, तुम्हीही सांगा. भेटू पुढच्या भागात!