बारा तासांची सोबत

दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाने मॅरेथॉन असली, तरी तिचे अंतर मॅरेथॉनच्या दुपटीहून जास्त, म्हणजे ८५ ते ९० किलोमीटर असते. ही शर्यत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांदरम्यान होते. डर्बन समुद्रकाठी आहे, तर पीटरमॅरित्झबर्ग सुमारे ६०० मीटर उंचीवर. सहसा एका वर्षी डर्बनहून चढाची शर्यत होते आणि पुढच्या वर्षी उलट दिशेने उताराची. उताराची म्हणजे सोपी, असे मात्र नाही. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार झेलतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना उतरणेही जड जाते.

या शर्यतीची कल्पना व्हिक क्लॅपम या रेल्वे इंजिनचालकाची. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर पायदळात होता आणि तिथल्या लांबच लांब पायपिटीत माणसे कशी तग धरतात, कशी कोसळतात, हे त्याने पाहिले होते. मेलेल्या साथीदारांचे स्मारक दगडाचे नको, तशाच कष्टाचे असावे, असे त्याला वाटे. माजी सैनिकांच्या संघटनेने त्याला आधी नकारच दिला. अखेर १९२१ मध्ये परवानगी मिळाली, खर्चासाठी एक पौंडही मिळाला. तोसुद्धा परतफेडीच्या बोलीवर! २४ मे १९२१ रोजी ३४ जण पीटरमॅरित्झबर्गहून निघाले आणि १६ जण डर्बनला पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटे लागली.

सोबत्यांच्या आठवणीसाठी सुरू झालेल्या या शर्यतीची दारे पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ फक्त गोऱ्या पुरुषांसाठी उघडी होती. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीने नोंदणी नाकारली गेल्यावरही पूर्ण अंतर पार केले. आयोजकांनी पदक दिले नाही, तेव्हा प्रेक्षक आणि धावपटूंनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच भेट दिला. १९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच बिनक्रमांकाचा धावला. डर्बनमध्ये पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांनाही मज्जाव होता. पीटरमॅरित्झबर्ग म्हणजे १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवले गेले तेच गाव, हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही. १९७५ मध्ये शर्यत स्त्रियांना आणि सर्व वर्णांच्या धावपटूंना अधिकृतपणे खुली झाली. १९८१ मध्ये आयोजकांनी शर्यत वर्णभेदी प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या सोहळ्याला जोडली, तेव्हा ब्रूस फोर्डाइस निषेधाची काळी फीत दंडाला बांधून धावला आणि जिंकलाही. पुढे त्याने एकूण नऊ वेळा ही शर्यत जिंकली. १९८९ मध्ये सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. आज या शर्यतीचे जे आपलेपण वाखाणले जाते, ते आधीपासून होते असे समजणे भाबडेपणाचे होईल. ते बरेचसे नंतर कमावलेले आहे.

हे आपलेपण नुसत्या सद्भावनेवर उभे नाही, शर्यतीचे नियम आणि रिवाजही त्याला कारण आहेत. त्यात मुख्य नियम वेळेचा. अनेक दशके ११ तासांची मर्यादा होती, आता ती १२ तास आहे. वेळ संपताच अंतिम रेषेवर एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. समोर कोण येत आहे हे दिसले तर हात अडखळेल, म्हणून पाठ. त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक नाही. १९८९ मध्ये, मर्यादा ११ तासांची असताना, ८० वर्षांचे वॉली हेवर्ड वेळ संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली असताना पोहोचले. त्यांनी हीच शर्यत १९३० मध्ये जिंकली होती.

या मर्यादेच्या धाकातूनच तिथली ‘बस’ जन्मली. एखादा अनुभवी धावपटू ठरावीक वेळेचा झेंडा घेऊन निघतो. तो ‘ड्रायव्हर’, मागे जमतील ते प्रवासी, कधी शे-दोनशेसुद्धा. किती मिनिटे पळायचे, कुठे चालायचे, कोणता चढ पायीच घ्यायचा, हे ड्रायव्हर ठरवतो. साठ-सत्तर किलोमीटरनंतर थकलेल्या डोक्याला साधा हिशेबही जमत नाही, म्हणून तो दुसऱ्यावर सोपवणे शहाणपणाचे असते. पावलांचा ठेका सांभाळायला गाणी म्हटली जातात. त्यात स्थलांतरित खाणकामगारांचे ‘शोशोलोझा’ हमखास असते, आणि सुरुवातीच्या रेषेवरही हजारो गळ्यांतून तेच उमटते.

छातीवरचा क्रमांकही बोलका असतो. धावपटूने आजवर किती वेळा शर्यत पूर्ण केली ते त्यावर छापलेले असते. दहाव्या पदकासाठी धावणाऱ्याचा क्रमांक पिवळा असतो, आणि दहा पूर्ण झाली की तो हिरवा होऊन कायमचा त्याच्याच नावे राहतो. त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त शोधावे लागत नाही. वाटेत पाच वेळा जिंकलेल्या आर्थर न्यूटनच्या नावाचा, टेकडीच्या कडेला कोरलेला कोनाडा लागतो. तिथे फूल ठेवून त्याला नमस्कार करायची रीत आहे. इंचांगाजवळ एथेम्बेनी ही दिव्यांग मुलांची शाळा आहे. तिथली मुले रस्त्याकडेला हात पुढे करून बसतात, आणि घड्याळाची चिंता असलेलेही तिथे टाळी द्यायला थांबतात.

अलीकडे भारतातून जाणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली आहे आणि त्यात मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातल्या धावपटूंचा मोठा वाटा असतो. प्रवेशासाठी आधी एखादी पूर्ण मॅरेथॉन ठरावीक वेळेत धावलेली असावी लागते. सह्याद्रीचे घाट या शर्यतीच्या सरावाला सोयीचे पडतात. साताऱ्याची हिल मॅरेथॉन ज्या यवतेश्वर घाटातून जाते, तिथे चढ आणि उतार दोन्हींची तयारी होते. पण सात-आठ महिने एकट्याने पहाटे उठणे बहुतेकांना जमत नाही, म्हणून हे काम गटानेच होते. पाण्याची सोय, गाडी, जेवणाचे वेळापत्रक सगळे वाटून घेतले जाते, आणि आधी जाऊन आलेला एखादा आपोआपच मार्गदर्शक होतो.

एकदा जाऊन आलेले पुन्हा जातात, त्यालाही एक ठोस कारण आहे. पहिल्याच दोन शर्यती लागोपाठच्या वर्षी पूर्ण करणाऱ्याला ‘बॅक टू बॅक’ हे वेगळे पदक मिळते, आणि ही संधी आयुष्यात एकदाच असते. त्यामुळे शर्यत संपल्यावर ‘परत नाही’ असे शपथेवर सांगणारे कित्येकजण पुढच्या नोंदणीची तारीख विचारताना आढळतात.