आरोपी घरातलाच निघाला तर?

चेन्नईतल्या एका निवासी संकुलाचा वॉचमन. वयस्कर, अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको इडली-डोशाचे पीठ वाटून विकते, थोरली मुलगी शाळेत शिकवते, धाकटी अजून शिकते आहे. एके दिवशी तो ड्युटीवरून घरी येतच नाही. संकुलात नऊ वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार झालेला असतो. परप्रांतातले चार मजूर आधीच अटकेत असतात आणि पाचवा आरोपी म्हणून पोलिसांनी या वॉचमनला धरलेले असते. ‘गार्गी’ हा तमिळ चित्रपट इथून सुरू होतो.

गौतम रामचंद्रन यांचा हा चित्रपट 15 जुलै 2022 रोजी थिएटरात आला आणि पुढच्याच महिन्यात सोनी लिव्हवर. थोरल्या मुलीचे, म्हणजे गार्गीचे, काम साई पल्लवीने केले आहे. भाषा येत नसली तरी नवी मुंबईत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे घर परके वाटत नाही. वाशी-नेरूळपासून तळोज्यापर्यंत आपण सोसायट्यांमध्ये राहतो. गेटवरच्या चाचांच्या भरवशावर मुले खाली खेळतात. आई-वडील लोकलने मुंबईला कामावर गेले की मुले शेजारच्या आपांकडे, मामूंकडे किंवा ट्यूशनच्या सरांकडे असतात. आणि आपल्यातलेही कितीतरी बाप अशाच एखाद्या गेटवर बारा-बारा तास उभे असतात. त्यामुळे हा चित्रपट पाहताना जीव दोन्हीकडे तुटतो, त्या लहानगीसाठीही आणि वॉचमनच्या मुलीसाठीही.

गार्गीला खात्री असते की अब्बा असे करूच शकत नाहीत. बातम्यांचे कॅमेरे दाराशी येतात, ओळखीचे लोक तोंड फिरवतात, वकील केस घ्यायला तयार होत नाहीत. शेवटी फारसा अनुभव नसलेला, बोलताना अडखळणारा एक वकील उभा राहतो. काली वेंकट यांनी तो इतका सुरेख केला आहे की केवळ त्यांच्यासाठीही चित्रपट पाहावा. आपण गार्गीच्या बाजूने असतो. तिच्या बापाला जामीन मिळावा असे आपल्यालाही मनापासून वाटत असते.

ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी इथे थांबून आधी चित्रपट पाहावा, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही. बाप गुन्हेगारच असतो. ज्या मुलीने त्याला सोडवण्यासाठी सगळे पणाला लावले, तीच हे कळल्यावर त्याला कायद्याच्या हवाली करते.

सूरह निसाच्या 135 व्या आयतीत ईमानवाल्यांना हाच हुकूम आहे. इन्साफावर ठाम राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध जावो, आई-वडिलांविरुद्ध जावो की नातेवाइकांविरुद्ध. जुम्म्याच्या बयानात आपण ही आयत अनेकदा ऐकली आहे. आपल्याच घरातली मुलगी थरथरत काही सांगते, तेव्हा मात्र वेगळी वाक्ये कानावर येतात. गप्प बस, अब्बांना कळले तर खून होईल. खानदानाची इज्जत जाईल. तुझ्या बहिणीचा रिश्ता मोडेल. आणि सगळ्यांत धार्मिक वाटणारे वाक्य म्हणजे, दुसऱ्याच्या ऐबांवर पडदा टाकावा. एखाद्याच्या खासगी चुकीची चर्चा करत फिरू नये, हे खरेच. पण लेकराचे शरीर ओरबाडणे हा कुणाचा खासगी ऐब कसा ठरेल? तो जुल्म आहे. जालीम भावालाही मदत करा, म्हणजे त्याचा हात धरून त्याला जुल्मापासून रोखा, हीसुद्धा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचीच शिकवण आहे.

आपल्या लोकांना आणखी एक भीती असते. आरोपीचे नाव मुसलमान असले की बातमी त्याच्या एकट्याची राहत नाही, साऱ्या कौमची होते. ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत सात-आठ वर्षांच्या पोरीने का मोजायची?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बाल अत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी त्यासाठी बोलणे झाले होते. त्यातल्या 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे किंवा विश्वासाच्या नात्यातले होते आणि बहुतेक मुलांनी तोपर्यंत कुणाला काही सांगितले नव्हते. शिवाय सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. ‘आमचा तर मुलगा आहे’ म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण बाहेर आले तेव्हा हजारो लोक रुळांवर उतरले आणि लोकल तासन् तास थांबल्या. राग खरा होता. आरोपी बाहेरचा असला की असा राग येतो. चाचा किंवा बहनोई असला तर कुणी रुळावर जात नाही, घराचे दार लावून घेतले जाते.

दुसरी बाजूही तमिळमध्येच आली आहे. 2023 च्या ‘चिथ्था’मध्ये सिद्धार्थने मेलेल्या भावाची मुलगी सांभाळणाऱ्या काकाचे काम केले आहे. चिथ्था म्हणजे काका. मित्राच्या भाचीवर अत्याचार होतो, संशय या निरपराध माणसावर येतो, आणि ज्याने पोरीला बापाची माया दिली त्याचा एका दिवसात चोर होतो. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. मोहल्ल्यात कुजबुज करून कुणाला गुन्हेगार ठरवणे जितके वाईट, तितकेच ‘तो तसा नाहीच’ म्हणून फैसला देऊन टाकणे वाईट. तपास करणे पोलिसांचे काम आहे. घराचे काम मुलाचे म्हणणे ऐकण्याचे आणि ते पुढे नेण्याचे.

पुढे नेणे म्हणजे काय, याची अनेक आयांना धास्ती असते. पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्यात मुलाला चौकीत नेऊन बसवण्याची गरज नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा छापता येत नाही. कोर्टात आरोपी त्याच्या नजरेसमोर येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. रक्ताच्या नात्यातल्या किंवा त्याच घरात राहणाऱ्या माणसाने बलात्कार केला असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षांची शिक्षा आहे. आणि गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे, मग गप्प राहणारे कुणीही असोत. खटला वर्षभरात संपवावा असे कायदा सांगतो खरा, पण तारखा त्याहून लांबतात. तेवढ्या सब्राची तयारी ठेवावी लागते.

मुलाने तोंड उघडले की त्याच्यावर ओरडू नका, तेच तेच पुन्हा वदवून घेऊ नका, आणि ज्याचे नाव त्याने घेतले त्या माणसाला समोर बोलावून ‘खरे सांग’ तर मुळीच म्हणू नका. एवढेच म्हणा, ‘बेटा, तू सांगितलेस ते चांगले केलेस, तुझी काही चूक नाही.’ अंगावरचे कपडे धुऊ नका, मुलाला आंघोळ घालू नका, थेट दवाखाना गाठा. सरकारी असो वा खासगी, पहिले उपचार मोफत द्यावेच लागतात. चौकीत एकटे जायला धीर होत नसेल तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर दिवसरात्र मोफत चालतो. ही सेवा 1996 साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून पीडित मुलांना आर्थिक मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

आणि घरी अरबी शिकवायला येणाऱ्या उस्तादांचे, ट्यूशनच्या सरांचे काय? त्यांचा अदब करावाच. सबक मात्र हॉलमध्ये, दार उघडे ठेवून, घरातले कुणीतरी आसपास असताना व्हावा. नेक उस्तादांना याचे वाईट वाटत नाही. आपल्या नावावर उगाच बालंट येऊ नये म्हणून अनेक जण स्वतःच सांगतात की दार उघडे ठेवा.